मालमोटारीचा धूर आणि कायदा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय मला एका मालमोटार मालकाने सुचविला. गृहस्थ सचोटीचे. बँकेचे कर्ज काढून त्यांनी मालमोटार घेतली होती आणि तिच्या हप्त्यांच्या काळजीने ते गांजले होते. धुराच्या नळीवरील यंत्र काजळीने चोंदले, वाहनाचा जोर गेला आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून त्यांचे डोळे पांढरे झाले. तेव्हा कोणीतरी त्यांना सल्ला दिला, "तो डबा काढून टाका, साधी नळी बसवा, पुढे कटकट नाही." त्यांनी मला सरळ विचारले, "गाडी माझी, हप्ते मी भरतो. माझ्या गाडीचा डबा मी काढला तर कायद्याचे काय बिघडले?"

प्रश्न रास्त आहे. त्याला केवळ 'गुन्हा आहे' असे सांगून गप्प बसविणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. म्हणून हा डबा काय करतो, तो काढण्यास कायद्याचा प्रतिबंध कोठे व कसा आहे, आणि त्या मालकाची अडचण कायद्यात राहून कशी सुटेल, या तीन गोष्टींचा विचार आपण क्रमाने करू.

डब्यात काय असते?

ज्याला सर्वसाधारण बोलण्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात, ते डिझेल मालमोटारीत एकच यंत्र नसते. बीएस-६ मानकाच्या जड वाहनात बहुधा तीन यंत्रे एकापुढे एक बसविलेली असतात. पहिले यंत्र उत्प्रेरकाचे. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड व न जळालेले इंधन यांचे ज्वलन पुरे होते. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही. तो रासायनिक क्रिया घडवून आणतो आणि जागच्या जागी राहतो. दुसरे यंत्र गाळणीचे. तिच्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींत काजळी अडकते आणि पुरेसे तापमान मिळाले की ती तेथेच जळून जाते. तिसऱ्या यंत्रात धुरावर युरियाच्या द्रावणाचा फवारा पडतो. या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व उरलेले क्षारविरहित पाणी असते. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने तो नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्याच्या वाफेत करतो. चालक मंडळी ज्याला 'युरियाची टाकी' म्हणतात, ती याच कामासाठी असते.

ही यंत्रे बसविण्यापूर्वी इंधन सुधारणे आवश्यक होते, कारण गंधक उत्प्रेरकाला निकामी करते. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत गंधक चालत असे. बीएस-४ मध्ये ही मर्यादा ५० वर आली आणि बीएस-६ मध्ये १० वर. बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. नव्या मालमोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये दर किलोवॅट-तासास ३.५ ग्रॅम होती. बीएस-६ मध्ये स्थिर गतीच्या चाचणीसाठी ती ०.४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ नवव्या हिश्शावर आली. हा लाभ मुख्यतः या डब्यांमुळे मिळाला आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डबा काढला की नवी गाडी फार तर जुन्या गाडीसारखी होईल, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती याहून वाईट आहे. युरियाचा फवारा पुढे आहे हे गृहीत धरून इंजिनाची जुळणी इंधन वाचेल अशी केलेली असते. अशा जुळणीत इंजिनातून नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक बाहेर पडतात. डबा गेला तरी ती जुळणी तशीच राहते. परिणामी, डबा काढलेली नवी मालमोटार पुष्कळदा जुन्या मालमोटारीपेक्षाही अधिक विषारी वायू सोडते आणि तो वायू डोळ्यांना दिसत नाही. सूर्यप्रकाशात या ऑक्साइडांपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो श्वसनमार्गास अपायकारक असून पिकांनाही बाधक ठरतो. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, हेही आपण ध्यानात ठेवावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये' असे वाक्य कोणी शोधू गेल्यास ते सापडणार नाही. त्यावरून बंदी नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे आहे. बंदी आहे, आणि ती तीन बाजूंनी आहे.

पहिली बाजू कलम ५२ ची. निर्मात्याने मुळात जे तपशील ठरविले, त्यांच्याशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे हे कलम सांगते. कोणतेही मॉडेल बाजारात येण्यापूर्वी त्याचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून मान्य करून घ्यावा लागतो. अशा संस्थांपैकी काही आपल्याच राज्यात आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही एक आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था ही दुसरी. तेथे जो नमुना मान्य होतो तो डब्यासहित. वाहन कोणत्या मानकाचे आहे याचा उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात असतो. डबा काढल्यावर प्रमाणपत्र 'बीएस-६' म्हणत राहते आणि रस्त्यावर धावणारी गाडी मात्र ती राहत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्णय देताना, निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, हे स्पष्ट केले. ते प्रकरण धुराच्या यंत्राचे नव्हते. परंतु त्यातील तत्त्व येथेही लागू पडते.

दुसरी बाजू शिक्षेची. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमातील कलम १८२-अ बदलून नव्या रूपात घालण्यात आले. अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात करण्यात आली. निर्माता, आयातदार वा विक्रेता यांनी नियमांविरुद्ध वाहन विकले किंवा त्यात बदल केला, तर एक वर्षापर्यंत कारावास वा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कलमाने केली.

तिसरी बाजू रस्त्यावरची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ प्रमाणे प्रत्येक वाहन विहित मानके पाळली जातील अशा स्थितीत ठेवले पाहिजे आणि तसेच चालविले पाहिजे. ही मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी जो चालवील, चालवावयास लावील किंवा चालवू देईल, तो कलम १९०(२) खाली येतो. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने अनुज्ञप्ती धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद केली.

या शेवटच्या तरतुदीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. डबा काढण्याचा निर्णय मालकाचा, काम गॅरेजमधील कारागिराचे. परंतु गाडी चालविताना सापडतो तो चालक. ज्याचे सारे घर अनुज्ञप्तीवर चालते, त्याची अनुज्ञप्ती दुसऱ्याच्या निर्णयापायी तीन महिने जाऊ शकते. आपल्या गावातून कितीतरी तरुण चालक म्हणून बाहेर पडतात. त्यांना ही गोष्ट कोणी तरी वेळेवर सांगावयास हवी.

डबा काढणे केव्हा कायदेशीर?

'काढणे' या शब्दाने सर्वच प्रसंग गुन्ह्यात येत नाहीत. सफाईसाठी वा दुरुस्तीसाठी डबा खोलून पुन्हा बसविणे यात गैर काही नाही. निकामी झालेल्या डब्याच्या जागी त्याच मॉडेलसाठी मान्य असलेला डबा बसविणेही योग्यच आहे. आयुष्य संपलेले वाहन नोंदणीकृत भंगार केंद्रात मोडले जाते, तेव्हा त्यातील मौल्यवान धातूंसाठी डबा वेगळा काढला जातो, तोही रीतसर व्यवहार होय. तसेच, ज्या जुन्या मालमोटारीत निर्मात्याने असा डबा मुळात बसविलाच नव्हता, तिच्या मालकाला 'डबा कोठे आहे?' असे विचारता येणार नाही. तिला तिच्या निर्मितीच्या वेळचे मानक लागू असते. सबब, तपासणी करणाऱ्याने प्रथम निर्मितीचे वर्ष व मानक पाहावे आणि मग यंत्रणेकडे वळावे.

'पीयूसी आहे, मग काय?'

यावर नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे, "पीयूसी आहे, साहेब." येथेच मोठी फसगत होते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रासाठी डिझेल वाहनाची जी चाचणी होते, तीत वाहन जागेवर उभे असताना इंजिनाचा वेग एकदम वाढवून धुराची घनता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या चाचणीत मोजली जात नाहीत. त्यामुळे युरियाची यंत्रणा बंद पाडलेली मालमोटार ही चाचणी सहज पार करू शकते. युरिया भरला जात असल्याचा खोटा संकेत इंजिनाच्या संगणकाला देणारी छोटी उपकरणेही याच आडोशाने विकली जातात. पीयूसी प्रमाणपत्र हा त्या दिवशी त्या धुराची घनता मर्यादेत होती याचा पुरावा आहे. वाहनात बेकायदा बदल झालेला नाही याचा तो दाखला नव्हे. परिवहन विभागातील मित्रांनी योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत यंत्रणा प्रत्यक्ष जागेवर आहे काय, हे पाहण्याचे महत्त्व यातच आहे.

ज्यांच्याजवळ उपकरण नाही त्यांच्यासाठी एक साधी खूण सांगतो. काजळीची गाळणी शाबूत असलेल्या बीएस-६ वाहनाच्या धुराच्या नळीचे तोंड आतून बऱ्यापैकी स्वच्छ राहते. तेथे काजळीचा जाड थर दिसला, तर गाळणी फुटली आहे किंवा काढली आहे असा संशय घेण्यास जागा असते. संशय म्हणजे पुरावा नव्हे, याचे भान मात्र राखावे.

अमेरिकेचा अनुभव

ज्या देशात हा प्रश्न आपल्या आधी उभा राहिला, तेथील अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यात अशी यंत्रे काढण्यास व निकामी करण्यास असलेली मनाई आरंभी निर्माते व विक्रेते यांच्यापुरती होती. १९७७ मध्ये ती दुरुस्ती करणाऱ्यांपर्यंत व वाहनांचे ताफे चालविणाऱ्यांपर्यंत आली आणि १९९० च्या दुरुस्तीने कोणत्याही व्यक्तीस लागू झाली. यंत्रणेला बगल देणारे सुटे भाग बनविणे, विकणे व बसविणे हाही तेथे स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला. आपल्या कलम १८२-अ मधील बदलाच्या तरतुदीचा मुख्य रोख मालकावर आहे. बगल देणाऱ्या वस्तूच्या व्यापारावर थेट बोट ठेवणारी ती रचना म्हणून विचारात घेण्याजोगी आहे.

कायदा असूनही तेथे काय घडले? त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप वाहनांची यंत्रणा काढण्यात आली होती. अशा वाहनांच्या हयातीत मिळून ५ लाख ७० हजार टनांहून अधिक जादा नायट्रोजन ऑक्साइडे हवेत जातील, असा अंदाज त्यात मांडला होता. हा परिणाम रस्त्यावर नियमानुसार चालणारी नव्वद लाख नवी पिकअप वाहने आणण्याइतका ठरतो. थोड्यांची सोय सर्वांच्या श्वासाला किती महाग पडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युरियाच्या यंत्रणेत बिघाड झाला की संगणक इंजिनाची शक्ती एकाएकी कमी करतो आणि शेतकरी व मालवाहतूकदार ऐन कामात अडकतात, ही तक्रार तेथे मोठ्या प्रमाणावर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच संस्थेने, अशी शक्ती एकदम न घटता चालकास दुरुस्तीसाठी पुरेसा अवधी मिळावा, यासाठी संगणकाच्या आज्ञावलीत बदल करण्याविषयी निर्मात्यांना मार्गदर्शन केले. तक्रार खरी असली तर तिची दाद घेण्याचा मार्ग असा उघड असावा. रात्रीच्या वेळी गॅरेजमध्ये डबा कापणे हा तो मार्ग नव्हे.

मालकाची अडचण कशी सुटेल?

आता आपल्या त्या गृहस्थांकडे वळू. गाळणी चोंदते ती बहुधा कारणाने. काजळी जळण्यास मोठे तापमान लागते आणि ते तापमान काही काळ सलग, बऱ्या वेगाने धावल्याशिवाय येत नाही. पाण्याचा टँकर, कचरागाडी, खाणीवरील डंपर यांच्या फेऱ्या आखूड असतात आणि इंजिन उभ्या जागी चालू राहते. अशा गाड्यांची गाळणी लवकर भरते. सूचनेचा दिवा लागताच निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने काजळी जाळून घेतली, कमी राख करणारे योग्य इंजिन तेल वापरले आणि ठराविक मुदतीत गाळणीची सफाई केली, तर मोठ्या खर्चाची वेळ सहसा येत नाही. दिव्याकडे महिनोन् महिने दुर्लक्ष केल्यावर येणारे बिल हे डब्याचे नसून दुर्लक्षाचे असते.

युरियाच्या बाबतीत ग्रामीण भागासाठी एक इशारा आवश्यक आहे. खताच्या गोणीतील युरिया साध्या पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचा मोह होतो. शेतीसाठीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, आणि साध्या पाण्यात क्षार असतात. या दोहोंनी फवारा व उत्प्रेरक दोन्ही निकामी होतात. शिवाय अनुदानित खत शेतीखेरीज अन्य कामाकडे वळविणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग आहे. म्हणजे चार पैसे वाचवू पाहणारा मनुष्य यंत्रही गमावतो, दुहेरी अपराधही करतो, आणि ज्या गोणीसाठी शेतकरी रांगेत उभा असतो ती गोणीही उडवितो.

आपण काय करावे?

हवा अधिनियम, १९८१ च्या कलम २० ने वाहनांच्या धुराची मानके पाळली जावीत यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्यांना सूचना देण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. आपणा सर्वांकडे अधिकार नसले तरी संधी आहेत. ग्रामपंचायत व जिल्हा परिषद टँकर, डंपर व कचरागाड्या भाड्याने घेतात. त्या करारात 'वाहनाची धूर नियंत्रण यंत्रणा मूळ स्थितीत व चालू असली पाहिजे' अशी एक अट घालण्यास फार मोठी शक्ती लागत नाही. अट घातल्यावर तिचा खर्च भाड्याच्या दरात धरणे हेही न्यायाचे आहे, नाही तर आपणच ठेकेदारास आडवाटेने ढकलू. शासकीय कार्यालयांनी आपल्या ताब्यातील वाहनांपासून आरंभ केला, तर जनतेस सांगण्याचा हक्क त्यांना अधिक प्राप्त होईल. पंचायत सदस्यांनी कोणतीही गाडी स्वतः अडवू नये. संशय असल्यास वाहनाचा क्रमांक, स्थळ व वेळ प्रादेशिक परिवहन कार्यालयास लेखी कळवावी. शिक्षकांनी उत्प्रेरकाचा धडा शिकविताना शाळेसमोरून जाणाऱ्या मालमोटारीचेच उदाहरण घ्यावे. उद्याचा चालक, कारागीर व मालक त्याच वर्गात बसलेला असतो.

त्या गृहस्थांना मी शेवटी जे उत्तर दिले, तेच आपणापुढे ठेवतो. गाडी तुमची आहे, यात वाद नाही. परंतु ती रस्त्यावर आणण्याची जी परवानगी समाजाने तुम्हास दिली, ती त्या डब्यासहित दिली आहे. नोंदणी प्रमाणपत्र हा तुम्ही व तुमच्या धुरात श्वास घेणारे लोक यांच्यातील करार आहे. त्या लोकांत महामार्गालगतच्या शाळेतील मुले आहेत, रात्रभर त्याच गाडीत बसणारा तुमचा चालक आहे, आणि तुम्ही स्वतःही आहात. डबा दुरुस्त करण्याचा, बदलण्याचा आणि त्यासाठी निर्मात्याकडे हमीचा दावा करण्याचा तुम्हास पूर्ण अधिकार आहे. तो काढून टाकण्याचा अधिकार मात्र तुम्हास कोणीही दिलेला नाही. कारण जी हवा त्यातून स्वच्छ होऊन बाहेर पडते, ती एकट्या तुमच्या मालकीची नाही.

ते क्षणभर थांबून म्हणाले, "मग सफाईचा खर्च किती, तेवढे तरी विचारून येतो." योग्य प्रश्न असा सुरू होतो, असे मला वाटते.